पावणेसात

लिफ्टमध्ये कुणाचं तरी दूध सांडलं होतं. कधी सांडलं, कुणी सांडलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. सात मजल्यांच्या त्या इमारतीत सांडलेलं कधीच कुणाचं नसे. कुणीतरी वर वर्तमानपत्राचा कागद टाकून आपलं कर्तव्य संपवलं होतं आणि तो कागद आता जमिनीला चिकटून बसला होता. दार लागलं, लिफ्ट खाली निघाली, आणि तो आंबूस वास एकदम त्याच्या नाकात शिरला. पाचव्या मजल्यावर त्याने श्वास रोखला. तिसऱ्यावर मात्र तो घ्यावाच लागला, आणि त्यासरशी मागचा मंगळवार जसाच्या तसा समोर उभा राहिला: स्टीलचं पातेलं, कोमट मिठाचं पाणी, गाळायचं कापड, आणि पातेल्यातून वर येणारा नेमका हाच वास. घोड्याच्या लिदेला हा वास यायला नको होता. बारा वर्षांत कधी आला नव्हता. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर उभी असलेली शेजारीण म्हणाली, "काय हो, बरं नाही का? चेहरा पांढराफटक पडलाय." तो एवढंच म्हणाला, "दूध." तिने आत डोकावून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि लगेच चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. तो रस्त्यावर आला. अकरा वाजता त्याला बैठकीला पोचायचं होतं. बैठकीत एका घोडीचं काय करायचं ते ठरणार होतं, आणि ती जगणार की मरणार हे त्याने तोंड उघडण्यावर होतं. बाकी कुणाला याची कल्पना नव्हती, निदान त्याची तरी तशी समजूत होती.

तो घोड्यांच्या दवाखान्यात कामाला होता. कागदोपत्री त्याचं पद चांगलं लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'गाळणी' म्हणत. तोंडावर गाळणीकाका, पाठीमागे नुसतंच गाळणी. काम होतं लीद गाळण्याचं. या कामावर बदली झाली तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला होता. "लोकांनी विचारलं, नवरा काय करतो, तर काय सांगू?" "सांग, औषध करतो," तो म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. घोडा गवत खातो असं आपण म्हणतो. खरं तर घोडा ते नुसतं चावतो आणि मागे ढकलतो. खाणारे वेगळेच असतात. त्याच्या पोटाच्या शेवटी पिंपाएवढं आतडं असतं, त्यात अब्जावधी जंतू राहतात, ते गवताचा धागा न् धागा सोडवतात, आणि त्यांच्या उष्ट्यावर घोडा जगतो. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो चाट पडला होता. एवढं धूड, आणि ते डोळ्याला न दिसणाऱ्यांच्या जिवावर उभं! जंतूंचं हे बिऱ्हाड गवतावर सुखाने नांदतं. पण शर्यतीच्या घोड्यांना नुसत्या गवतावर कोण ठेवणार? त्यांना खुराक लागतो: ओट, मका, वर काकवी. त्यातलं जे पुढच्या पोटात पचत नाही ते मागे जातं, आणि मागे गोडखाऊ जंतूंची एक निराळी जात टपलेलीच असते. ती बघता बघता माजते, आत सगळं आंबवून टाकते, आणि गवत खाणारे त्या आंबटात मरून जातात. त्यावर कुणी घाईने जालीम औषधं दिली की उरलेसुरलेही जातात. मग घोडा समोर गवताचा ढीग असून उपाशी मरायला लागतो. अशा वेळी निरोगी घोड्याची ताजी लीद कोमट पाण्यात कालवायची, गाळायची, आणि नाकातून नळी घालून आजाऱ्याच्या पोटात सोडायची. एकाचं भरलेलं घर उचलून दुसऱ्याच्या ओसाड घरात नेऊन वसवायचं. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी मरायला टेकलेला घोडा कान टवकारून गवताकडे बघायला लागतो.

ते भरलेलं घर म्हणजे म्हातारी. चोवीस वर्षांची राखाडी घोडी, पाठ खोलगट झालेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. कधीकाळी ती गाडी ओढायची. दवाखान्याने तिला ठेवून घेतलं ते केवळ तिच्या पोटासाठी, आणि ते पोट जपायची अट एकच होती: वाळलं गवत आणि पाणी, दुसरं काही नाही. तिच्या ठाणाच्या दारावर त्याने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, 'गवताशिवाय काहीही देऊ नये. साखरेचा खडासुद्धा नाही.' बारा वर्षं त्याने त्या पाटीचा पहारा केला. बघायला आलेल्या लोकांच्या पिशव्यांतून गाजरं काढून घेतली. एका मालकाच्या बायकोने कौतुकाने सफरचंदाची फोड पुढे केली तेव्हा त्याने मधे हात घातला होता, आणि ती फोड त्याच्याच तळव्यावर राहिली होती. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार त्याला म्हणायचा, "काय साहेब, तुरुंगातसुद्धा आठवड्यातून एकदा गोड देतात हो." त्यावर तो म्हणे, "म्हणून तर तिथले लोक सुधारत नाहीत." हा त्याचा ठरलेला विनोद होता आणि त्यावर तो एकटाच हसायचा.

गाळण्याआधीचा एक नियम होता. लिदेच्या पाण्यात रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवायची, रंगावरून आंबटपणाचा आकडा बघायचा आणि फॉर्मवर लिहायचा. आकडा सहाच्या आसपास घसरला असेल तर ती लीद फेकून द्यायची. म्हातारीचा आकडा पावणेसात. थंडी असो, उन्हाळा असो, पावणेसात. पहिली काही वर्षं त्याने पट्टी उजेडात धरून, चष्मा वर-खाली करून आकडा वाचला. पुढे पुढे तो आधी फॉर्म भरायला लागला आणि पट्टी मग बुडवायला लागला, कारण नंतर हात ओले व्हायचे आणि कागद खराब व्हायचा. यात त्याला काही गैर वाटलं नाही. स्वतःची जन्मतारीख लिहिताना दाखला कोण बघतं? पट्टीही बिचारी दर वेळी त्याने लिहिलेल्या आकड्याला मान डोलवायची.

बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारच्या माणसाने मांडीवरच्या पुडीतून केक खायला घेतला, आणि त्याने तोंड फिरवलं. गेल्या वर्षभरात त्याला कुणाला गोड खाताना बघवत नसे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. शेवटचे आठ महिने ते त्याच्याकडे होते. साखर वाढलेली, मूत्रपिंडं कामातून गेलेली. डॉक्टरांनी काय खायचं, किती खायचं याचा तक्ता लिहून दिला, आणि त्याने तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला, अगदी म्हातारीच्या पाटीसारखाच. स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. बटाट्याची फोडसुद्धा तोलून ताटात पडायची. बाबा आयुष्यभर बारीक स्क्रू चिमट्याने उचलत आलेले, त्यामुळे मापाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांचं मागणं एकच होतं. "अरे, चमचाभर साखर दे. भरलेला नको. सपाट." "बाबा, तुमच्या भल्यासाठीच नाही म्हणतो ना?" "बरं, अर्धा दे. घड्याळात तेल घालतो तेवढं." तो हसायचा आणि नाही म्हणायचा. साखरेचा डबा त्याने कपड्यांच्या कपाटात कुलपाआड ठेवला होता. एकदा दुपारी तो अचानक घरी आला तेव्हा बाबा न्हाणीघरात आरशापुढे उभे होते, हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, आणि करंगळी बाटलीच्या तोंडात अडकलेली. ऐंशी वर्षांचा माणूस. त्याने बाटली काढून घेतली. "हे काय लहान मुलासारखं?" बाबांनी करंगळी सदऱ्याला पुसली आणि म्हणाले, "खोकला आला होता." त्यांना खोकला नव्हता. त्या घरात त्या दिवसांत कुणालाच खोकला नव्हता.

दीड महिन्याने बाबा गेले. आदल्या दिवशीचा साखरेचा रिपोर्ट उशाखाली होता आणि तो उत्तम होता. "तरुण माणसाला लाजवेल असा," डॉक्टर म्हणाले होते, आणि खरं सांगायचं तर त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. मूत्रपिंडं मात्र रिपोर्ट वाचत नाहीत. ताई आली, बाबांच्या पायाशी बसली. मग दारावरचा तक्ता तिने वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एक चमचा साखर दिली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं का रे? जाणारच होते ते." तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम." हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला कळलं की आता ते परत घेता येणार नाहीत. ताई त्यानंतर त्याच्या घरी आली नाही. बसमधल्या माणसाने बोटं चाटली आणि पुडीचा कागद चुरगळून खिडकीतून बाहेर फेकला.

मागच्या रविवारी बाबांना जाऊन बरोबर वर्ष झालं. सकाळी ताईचा फोन आला, वर्षातला पहिला. "मी आज दिवसभर बिनसाखरेचा चहा घेणार आहे," ती म्हणाली. "तू?" त्याच्या हातात कप होता आणि कपात दोन चमचे साखर होती. "मीपण," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने चहा बेसिनमध्ये ओतला, पण एव्हाना अर्धा पोटात गेलेला होता. रविवारी दवाखान्यात त्याची पाळी होती. दुपारी तबेल्यात शुकशुकाट होता. म्हातारीच्या शेजारच्या ठाणात पायाला पट्टी बांधलेला एक शर्यतीचा घोडा खुराक खात होता, आणि म्हातारी मधल्या गजांतून मान शक्य तितकी लांब करून, वरचा ओठ दुमडून, तो वास घेत उभी होती. हे ती बारा वर्षं करत आली असणार. त्याने बारा वर्षं बघितलंही असणार. पण त्या दिवशी त्याला तो ओठ बघवला नाही. कोठीतून त्याने बादली भरली, ओट, मका, वर काकवीची धार, आणि स्वतःच्या पाटीखालून हात घालून तिच्यापुढे धरली. तिने आधी बादलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, जणू त्याचंच काही चुकत असावं. मग तोंड घातलं. ती डोळे अर्धवट मिटून खात होती. दाण्यांचा चुरचुर आवाज येत होता, तिच्या नाकपुड्यांतून फुंकर बसून ओटाचा भुसा त्याच्या मनगटावर उडत होता, आणि त्याला इतकं सुख झालं की तो गजाला टेकून चक्क रडला. वर्षभर न आलेलं रडू आलं. तिने तळ चाटला, कडा चाटल्या, मग त्याचा हात चाटला. बादली तशीच तिथे ठेवून तो तोंड धुवायला गेला. एका बादलीने काय होतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. एका बादलीने काय होतं हे त्या अख्ख्या दवाखान्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सकाळी तांबडा आला. शर्यतीचा घोडा, चार वर्षांचा, बाहेर कुणीतरी आठवडाभर औषधांचा मारा केलेला; गाडीतून उतरवला तेव्हा मागचे पाय थरथरत होते आणि शेपटीखालून पाणी गळत होतं. फोन वाजला. "गाळणीकाका, दहा मिनिटांत हवंय," धाकटे डॉक्टर म्हणाले. त्याने फॉर्म पुढे ओढला, तारीख लिहिली, पावणेसात लिहिलं. मग लीद पातेल्यात टाकली, पाणी ओतलं, आणि तो वास आला. दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. त्याने पट्टी बुडवली. पट्टी पिवळी पडली. त्याने ती खिडकीशी नेऊन पाहिली, मग दिव्याखाली पाहिली. फोन पुन्हा वाजला. खोडायला किती वेळ लागला असता? एक रेघ. पण रेघेनंतर कुणीतरी विचारणार, असं कसं झालं, आणि मग रविवार सांगावा लागणार, आणि रविवार सांगायचा तर बाबा सांगावे लागणार. त्याने पट्टी कचऱ्यात टाकली. मग ते पाणी त्याने एकदा गाळलं, कापड बदलून दुसऱ्यांदा गाळलं, तिसऱ्यांदा गाळलं. वास गाळला जात नाही हे माहीत असूनही गाळत राहिला. गुरुवारी तांबडा मेला. "आधीच गेलेला होता तो," सगळे म्हणाले, आणि खरंच तसं असेलही. त्याने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पण बुधवारपासून म्हातारीसुद्धा पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती, पेटत्या जमिनीवर उभं राहावं तशी. तिची पुढची दोन्ही खुरं हाताला गरम लागत होती. त्यासाठी कुठलंही वाक्य त्याला सापडलं नाही.

बैठक मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत होती. टेबलावर फॉर्म, पाण्याचे ग्लास, म्हातारीच्या खुरांचे काळेपांढरे फोटो. धाकटे डॉक्टर खिडकीशी उभे होते, तांबड्याच्या मालकाचा माणूस हातातलं घड्याळ बघत होता, आणि मोतद्दाराला बोलावून घेतलेलं असल्यामुळे तो दाराशी अवघडून उभा होता. बाई उगाच लांबण लावणाऱ्या नव्हत्या. "दोनच शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "हिने काही भलतं खाल्लं असेल, तर पोट बिघडलं, त्यानेच खुरं सुजली. तसं असेल तर काळजी नाही. आठवडाभर गवतावर ठेवली की पोट ताळ्यावर येतं, खुरंही दीड-दोन महिन्यांत सुधारतात. दुसरी शक्यता, वय. या वयात शरीराचंच तंत्र बिघडतं, आणि त्याने खुरं गेली तर ती परत येत नाहीत. मग तिला असं उभं ठेवणं म्हणजे छळ आहे." मालकाचा माणूस म्हणाला, "पण आमच्या घोड्याला जे दिलं ते हिचंच ना? ते खराब होतं का, हे आधी सांगा." बाईंनी फॉर्म उचलला. "तेच बघतेय. खुराक पोटात गेला असता तर आकडा धाडकन खाली आला असता. इथे पावणेसात आहे. मंगळवारी सकाळी, आपल्याच माणसाच्या अक्षरात." फॉर्म त्यांनी टेबलावर फिरवून सगळ्यांना दाखवला. त्याने आपलं अक्षर ओळखलं. सुंदर, गोल, ठाम अक्षर; बाबा त्याला लहानपणी म्हणायचे, तुझ्या अक्षराला कुणी खोटं म्हणणार नाही.

"म्हणजे वयच," धाकटे डॉक्टर म्हणाले. बाई मात्र अजून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, आणि तेच वाईट होतं. "गाळणीकाका, तुम्ही तिला बारा वर्षं बघताय. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन. चुकून कुणी काही दिलं असेल? एखादा पाहुणा, एखादी बादली उघडी राहिली असेल? तसं असेल तर मी तिला हात लावणार नाही." बोलणं एवढं सोपं त्याला पुन्हा कुणी करून देणार नव्हतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मी दिली. नोकरीची दोनच वर्षं उरली होती. ती गेली असती, तर गेली असती. खरं सांगायचं तर नोकरीचा विचार त्याच्या मनात फार वेळ टिकलाही नाही. त्याला ताई दिसली, हे ऐकणारी. शहर केवढंही असलं तरी अशा गोष्टी बहिणीपर्यंत पोचतात. बापाला चमचा दिला नाही आणि घोडीला बादली दिली. हे वाक्य कुणाच्याही तोंडी बसणार होतं, आणि एकदा बसलं की त्याच्या मेल्यानंतरही निघणार नव्हतं. मोतद्दार दाराशी उभा होता आणि त्याच्या बुटांकडे बघत होता. "नाही," त्याने बाईंना सांगितलं. आपला आवाज त्याला नेहमीसारखाच वाटला. "गवतच. माझ्यासमोर तरी गवताशिवाय काही नाही." बाईंनी मान हलवली, फॉर्म फायलीत लावला. "मग उगीच हाल नकोत. आज चारला करून टाकू." मग बाईंना काहीतरी आठवलं, त्या जरा हसल्या, माणूस चांगला असतो तेव्हा हसतो तसं. "आणि हो, आता पथ्य संपलं तिचं. बारा वर्षं बिचारीने नुसतं गवत चावलंय. आज तिला हवं ते खाऊ द्या. पोटभर."

बाहेर बोळातून तो भराभर चालायला लागला, पण मोतद्दाराने त्याला पाण्याच्या नळापाशी गाठलंच. मोतद्दार त्याच्याच वयाचा, कमी बोलणारा, घोड्यांशी बोलून बोलून माणसांशीही हळू आवाजातच बोलणारा. "मला वाटलं, तुम्ही बोलाल," तो म्हणाला. "कशाबद्दल?" "बादली मी धुतली, साहेब. रविवारी संध्याकाळी. तिने चाटून लख्ख केली होती, तरी कडीच्या खाली काकवी होती." नळ थेंब थेंब गळत होता. त्याला वाटलं की पाय त्याचेच सुजले आहेत. "मग तुम्ही का नाही बोललात? आत विचारलं ना त्यांनी!" मोतद्दाराने नळ घट्ट पिळून बंद केला. "बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही तिला काही दिलं होतंत. मला बरं वाटलं होतं. चुगली कशी करणार त्याची? ते तुमचं होतं. तुम्ही सांगायचं होतं." "आता सांगू?" त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला आपली लाज वाटली, कारण परवानगी मागणारा माणूस सांगणार नसतो. मोतद्दारालाही ते कळलं असावं. तो नुसता म्हणाला, "चार वाजायला वेळ आहे अजून," आणि निघून गेला. चार वाजायला चार तास होते. त्या चार तासांत त्याने कपाट आवरलं, गाळायची कापडं धुतली, वाळत घातली, वाळलेली घडी करून ठेवली, कोऱ्या फॉर्मांची चळत सरळ केली. बाईंच्या दारापर्यंत तो तीन वेळा गेला. दोन वेळा आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. तिसऱ्या वेळी येत नव्हता, आणि तो परत फिरला.

पावणेचारला तो तबेल्यात गेला. मोतद्दार बादली भरून तयारच होता. तीच बादली, कडीजवळ पोचा आलेली. ओट, मका, आणि वर काकवी, हात सैल सोडून ओतलेली. मोतद्दाराने ती म्हातारीपुढे ठेवली नाही, त्याच्याकडे दिली. "तुम्हीच द्या," तो म्हणाला, "तुमच्या हातचं खाते ती." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. बादली घेऊन त्याने दारावरची आपली पाटी एका हाताने उलटी केली आणि आत गेला. म्हातारीने कान पुढे घेतले. आठवड्यात ती वाळली होती, पण त्याला बघून तिने मान लांब केली, वरचा ओठ दुमडला, आणि त्या दुखऱ्या पायांवर, एक एक खूर जपून उचलत, तीन पावलं त्याच्या दिशेने आली. या वेळी तिने त्याच्याकडे शंकेने पाहिलं नाही. सरळ तोंड घातलं. चुरचुर आवाज सुरू झाला. तो बादली धरून उभा राहिला, हात अवघडले तरी उभा राहिला, आणि या वेळी त्याला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. तिने तळ चाटला. कडा चाटल्या. मोतद्दाराने हात पुढे करून रिकामी बादली घेतली आणि नळाशी जाऊन पाठमोरा धुवायला लागला.

म्हातारीने मग शेपूट वर केली आणि त्याच्या पायाजवळ लीद टाकली. हिरवट, मऊ, वाफाळलेली. सवयीने तो वाकला. वास आला तो भिजलेल्या गवताचा. बारा वर्षं त्याच्या हातांना, कपड्यांना, जेवणाला येत होता तोच, स्वच्छ, थोडा गोडसर. आंबटाचा मागमूस नव्हता. आठवडाभराच्या गवताने तिचं घर पुन्हा भरलं होतं. आत सगळे परतले होते, जागच्या जागी, कामाला लागले होते, आणि त्यांच्या डोक्यावर आता बादलीभर खुराक येऊन पडत होता. त्याने खिशात हात घातला. खिशात पट्ट्यांची डबी असायचीच. लिदेची चिमूट तळव्यावर घेऊन त्याने तिच्या पिण्याच्या पाण्याचे चार थेंब त्यावर टाकले आणि पट्टी टेकवली. मग दाराच्या उजेडात जाऊन, चष्मा वर करून, रंग नीट लागेपर्यंत थांबला. पावणेसात. हा आकडा त्याने शेकडो वेळा लिहिला होता. नीट वाचला तो कित्येक वर्षांनी आज.

बाहेर फरशीवर बुटांचा आवाज आला. बाई दारात आल्या, मागे धाकटे डॉक्टर, हातात झाकलेला ट्रे. बाईंनी म्हातारीच्या मानेवर हात फिरवला, तिच्या ओठांना लागलेली काकवी पाहिली आणि समाधानाने त्याच्याकडे वळल्या. "खाल्लं का हो तिने नीट?"

त्याने मूठ मिटली.

"हो," तो म्हणाला. "सगळं."